वण आधी की चेहरा आधी

बायको गेली त्याला वर्ष होत आलं. भेटायला येणारे सांगतात, आबा, तिचा फोटो समोर घेऊन बसत जाऊ नका, जिवाला त्रास होतो. मी म्हणतो, फोटो कसा पाहायचा ते मला शिकवू नका. माझा उभा जन्म दुसऱ्यांचे चेहरे भिंगातून पाहण्यात गेला. त्रास होतो तो होऊ द्या. माणूस गेल्यावर त्रास नाही व्हायचा तर काय गुदगुल्या होणार?

हे लिहायला बसलो ते रडगाणं गायला नाही. माणसाचा डोळा काय पाहतो, कसं पाहतो, याचं एक शास्त्र आहे. माझं शिक्षण चौथी पास, तेही गुरुजींची कृपा. पण ते शास्त्र मी शिकलो, त्याची परीक्षा दिली आणि पास झालो. परीक्षा घेणारी माझी बायको. तेव्हा ती माझी बायको नव्हती.

स्वातंत्र्य येऊन काही वर्षं झाली होती, आम्ही अजून मुंबई राज्यात होतो. माझं गाव अमळनेरच्या बाजूला. शेतात माझं मन लागेना म्हणून जळगावला आलो आणि एका फोटो स्टुडिओत चिकटलो. खाली मालकाचं कापडाचं दुकान, वर काचेच्या छपराचा स्टुडिओ. मालकाचे आजोबा मारवाडातून आलेले. मालक गिऱ्हाइकाशी मराठी बोलायचा, घरात मारवाडी, आणि माझ्यावर चिडला की दोन्ही. त्याने मला ठेवलं ते एकाच गुणावर. माझा हात कापत नसे.

काम होतं रिटचिंगचं. तेव्हा फोटो काचेच्या प्लेटवर निघायचा. निगेटिव्ह. ती प्लेट उतरत्या मेजावर ठेवायची, खालून आरशाने उजेड घ्यायचा, डोळ्याला भिंग लावायचं आणि सुईसारख्या टोकाच्या शिसपेन्सिलीने चेहरा साफ करायचा. सुरकुती, पुटकुळी, वण, जे असेल ते. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. गोरा माणूस काळा, काळे केस पांढरे, आणि चेहऱ्यावरचा खड्डा म्हणजे काचेसारखा मोकळा ठिपका. तो ठिपका पेन्सिलीने भरला की फोटोत खड्डा गायब. त्या काळी देवीच्या साथी येऊन गेलेल्या असायच्या, दर चार चेहऱ्यांमागे एखादा वणाचा असायचाच. मी ते भरून काढायचो. माझा हात इतका बसला होता की प्लेट कोणाची हेही मी पाहत नसे. मला चेहरा दिसायचाच नाही. कपाळाचा तुकडा, गालाचा तुकडा, हनुवटीचा तुकडा. भिंगात मावेल तेवढा माणूस.

एकदा बाहेरगावच्या कॉलेजातले एक प्रोफेसर आले. मानसशास्त्र शिकवायचे. त्यांना वर्गात जादूच्या कंदिलातून भिंतीवर पाडायला काचेच्या स्लाइडी हव्या होत्या. एका जाड पुस्तकातल्या आकृत्या दाखवून म्हणाले, "यांचे फोटो काढून स्लाइडी करून द्या. जशाच्या तशा." एवढं बोलून गाडी गाठायला पळाले.

मालकाने फोटो काढले आणि प्लेटा माझ्याकडे आल्या. पाहतो तर काय, छपाईत सगळा गोंधळ. एक वर्तुळ, तेही एका जागी तुटलेलं. एका पानावर नुसते शाईचे डाग सांडलेले, काही मोठे काही बारीक. मी म्हटलं, कॉलेजची पुस्तकं एवढी महाग आणि छपाई अशी? मला कामाचा अभिमान. वर्तुळाची फट मी बारीक चाकूने खरवडून जोडून टाकली, कुठे जोडलं ते माझं मलाही ओळखू येईना. डागांतले बारीक डाग लाल रंग लावून बुजवले, आणि मोठेही बुजवणार तेवढ्यात मालकाने जेवायला हाक मारली.

प्रोफेसर पुढच्या आठवड्यात आले. एक एक स्लाइड उजेडासमोर धरली. मग मालकाला विचारलं, "शेठ, माझा घोडा कुठे गेला?"

मालकाने माझ्याकडे पाहिलं. "कौनसो घोडो?"

"या डागांत घोडा होता. उधळलेला. आता नुसतं खोगीर उरलंय."

मी म्हटलं, "साहेब, घोडा-बिडा काही नव्हता. शाई सांडलेली होती, ती मी साफ केली."

"आणि वर्तुळाची फट?"

"जोडली. पैसे जास्तीचे नकोत."

प्रोफेसर असे हसायला लागले की खुर्चीतच बसले. मालक चिडलेला, त्याला वाटलं आता माल परत येणार. प्रोफेसर डोळे पुसत म्हणाले, "शेठ, याला रागावू नका. मी वर्षभर पोरांना जे शिकवतो ते याने एका प्लेटवर करून दाखवलं. ती फट मुद्दाम होती हो! पोरांना विचारायचं, काय दिसतं? सगळी पोरं म्हणतात, वर्तुळ. फटीबद्दल कोणी बोलत नाही. डोळा ती स्वतःच भरतो. याने स्वतःच्या हाताने भरली, एवढाच फरक."

मग त्यांनी पुस्तक उघडलं आणि मला डागांचं मूळ पान दाखवलं. "एकेका डागाकडे पाहू नका. लांब धरा." मी हात लांब केला. काही दिसेना. डोळे बारीक केले, आणि एकदम घोडा! मान वळवलेला, शेपूट उडालेली. आधी कुठे होता कोण जाणे. गंमत अशी की एकदा दिसल्यावर तो जाईना. पुन्हा नुसते डाग पाहायचे म्हटलं तरी पाहता येईनात.

प्रोफेसर म्हणाले, "जर्मनीतल्या लोकांनी हे शोधलं. गेस्टाल्ट म्हणतात त्याला. गेस्टाल्ट म्हणजे अख्खा आकार, घडण. आपल्याला वाटतं, आपण आधी बारीक बारीक पाहतो आणि मग त्याची बेरीज करतो. तसं नाही. मन अख्खं आधी धरतं, तुकडे मागून. आणि अख्ख्यात जे असतं ते तुकड्यांच्या बेरजेत सापडत नाही. या डागांपैकी एका तरी डागात घोड्याचा केस आहे का?"

"नाही."

"मग घोडा कुठून आला?"

उत्तर मला नंतर एका प्लेटवर सापडलं. ते पुढे सांगतो.

त्या प्लेटा पुन्हा काढाव्या लागल्या, त्यामुळे प्रोफेसर त्या दिवशी संध्याकाळच्या गाडीपर्यंत स्टुडिओत बसून होते. बोलका माणूस. मी प्लेटा धूत होतो आणि ते सांगत होते. ठिपके जवळजवळ असले की डोळा त्यांची एक टोळी करतो. एकाच रंगाचे, एकाच घाटाचे असले की लांब असूनही त्यांची टोळी होते. एका दमात पुढे जाणारी रेघ डोळा तशीच पुढे नेतो, मध्ये कोणी आडवं आलं तरी. आणि एक चित्र असं होतं की काळ्याकडे पाहिलं तर दोन माणसं एकमेकांकडे तोंड करून उभी, पांढऱ्याकडे पाहिलं तर मध्ये एक फुलपात्र. दोन्ही एकदम दिसत नाहीत. एक पुढे आलं की दुसरं मागे जातं, चित्रामागची नुसती जमीन होऊन पडतं. कुठला भाग पुढे येणार आणि कुठला मागे पडणार, यावर बठ्ठा, म्हणजे सगळा खेळ.

मी खिडकीतून खाली पाहिलं. बाजाराचा दिवस होता. रस्त्यावर एवढी गर्दी, तरी पांढऱ्या टोप्यांचे शेतकरी वेगळे दिसत होते आणि पागोट्यांचे वेगळे. कोणी त्यांना वेगळं उभं केलेलं नव्हतं. तेवढ्यात एक वरात आली. त्यातली माणसं ना एका रंगाची ना एका उंचीची, पण सगळी एका दिशेने एका चालीत सरकत होती, म्हणून त्या गर्दीतही ती एकच वस्तू वाटत होती. रस्त्याच्या धुळीत बैलगाड्यांच्या चाकोऱ्या एकमेकींना छेदून गेल्या होत्या. छेदायच्या जागी नुसती धूळ, तरी कुठली चाकोरी कुठे जाते ते मला सरळ कळत होतं. मी प्रोफेसरांना हे सांगितलं. ते म्हणाले, "बस. पुस्तकात एवढंच आहे."

मला नाही वाटत पुस्तकात एवढंच असेल. पण त्या दिवसापासून मी काम करताना आधी प्लेट लांब धरून पाहायला लागलो. भिंग नंतर.

आता तिची गोष्ट.

त्याच वर्षी हिवाळ्यात यावलकडचे एक केळीवाले शेतकरी पोरीला घेऊन फोटो काढायला आले. पोरीने विशी ओलांडलेली, त्या काळात ही मोठीच गोष्ट. लहानपणी देवी येऊन गेलेल्या. दोन्ही गालांवर, कपाळावर, नाकाच्या शेंड्यावरसुद्धा वण. बाप मालकाला बाजूला घेऊन सांगत होता, पण आवाज शेतातला, बाजूला घेऊन उपयोग काय? आम्हाला सगळं ऐकू येत होतं. आधी दुसऱ्या गावी फोटो काढला होता. त्या फोटोवाल्याने एकूण एक वण साफ केले. फोटो पाहून दोंडाईच्याचे लोक धावत पोरगी पाहायला आले. पोरगी समोर आली, तसे त्यांनी खिशातून फोटो काढून तिच्या तोंडाशेजारी धरला. पाहुणा म्हणाला, धाकटी बहीण नको, फोटोतली मोठी दाखवा. हिला बहीणच नाही. उठून गेले.

"तरी बी वण काढाच," बाप सांगत होता. "पन थोडे ठेवा. म्हंजे खोटं वाटनार नाही."

पोरगी स्टुलावर बसली होती. तिथूनच म्हणाली, "किती ठेवायचे ते बी सांगून द्या, बाबा. पाच ठेवा की सात ठेवा?"

"तू गप बस."

"मी गपच बसली होती त्या दिवशी. तो मानूस माझ्या तोंडाजवळ फोटो धरून उभा होता, तरी गप बसली. आता नाही. माझा एक बी वण काढायचा नाही. ज्याले यायचं तो मले पाहून येईन. परत घरात कोनी मानसं बोलावून मले त्या फोटोसंगं ताडून पाहिलं तर मी पाहुन्याच्या समोर बोलून देईन."

मालकाने डोक्याला हात लावला. त्याच्या धंद्यात हे पहिल्यांदाच घडत होतं. लोक म्हणायचे गोरं करा, नाक सरळ करा. जसं आहे तसं ठेवा म्हणणारं गिऱ्हाईक त्याने पाहिलं नव्हतं. त्याने मला खूण केली, म्हणजे आता काढू, मग तू तुझं काम कर. मी मान हलवली नाही.

मी तिला लांबून पाहत होतो. त्या डागांच्या पानासारखं. खोटं कशाला बोलू, पहिल्या नजरेत मला वणच दिसले. नुसते ठिपके. पण ते इतके का दिसतात? तिच्या अंगावर ठिपक्यांचं पातळ होतं, लाल पातळावर पांढरे ठिपके. घरातलं सगळ्यात चांगलं पातळ नेसून आली असणार. मागे आमचा रंगवलेला पडदा, त्यावर वेली आणि वेलींना बारीक बारीक फुलं. पातळाचे ठिपके, पडद्याची फुलं आणि गालावरचे वण यांची एक टोळी झाली होती. डोळा ठिपक्यावरून ठिपक्यावर उड्या मारत चालला होता आणि चेहरा बिचारा मागे जमीन होऊन पडला होता. शिवाय मालकाने उजेड एका बाजूने घेतलेला, त्यामुळे प्रत्येक खड्ड्याला सावली.

मी पडदा ओढून बाजूला केला आणि साधा राखाडी पडदा सोडला. मालक म्हणाला, "ओ कांई करे है?" मी छपराच्या काचेखाली पांढरं कापड ताणलं, म्हणजे उजेड पसरून समोरून येईल. मग तिला म्हटलं, "पातळ बदलावं लागेल. ठिपके नकोत."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी एक पाऊल मागे सरलो. "का? आता पातळाले बी देवी निघाल्या का?"

बाप ओरडला. मालक हसला. मलाही हसू आलं, पण मी हसलो असतो तर ती उठून गेली असती. मी म्हटलं, "तुमचा एकही वण मी काढणार नाही. पण त्यांना सोबत कशाला द्यायची? पातळाचे ठिपके आणि तुमचे वण एकमेकांना हाका मारतात. पाहणारा त्यांच्यातच फिरत राहतो, तुमच्यापर्यंत पोचत नाही."

तिने एकदा पातळाकडे पाहिलं, एकदा पडद्याकडे. मग म्हणाली, "वण पुसायचे नाही म्हनता ना? मग आना काय आनायचं ते."

खालच्या दुकानातून साध्या गडद हिरव्या कापडाचा तुकडा आणला, तिने तो पदरासारखा अंगभर घेतला. ती कॅमेऱ्याकडे पाहून हसली नाही. नुसती सरळ पाहत होती, की बघा काय बघायचं ते. मालकाने कॅमेऱ्याचा रबरी गोळा दाबला.

प्लेट माझ्या मेजावर आली. मी लांब धरली. काळा चेहरा, पांढरे केस, आणि तरी डोळे असे की पाहणारा आधी तिथेच जातो. वण होते. सगळे होते. पण ते आता चेहऱ्याचे झाले होते, जसे भाकरीवरचे डाग भाकरीचे असतात. मी पेन्सिल उचलली नाही. प्रोफेसरांनी विचारलेलं मला तेव्हा आठवलं, घोडा कुठून आला? डाग जसे एकमेकांजवळ मांडलेले असतात, त्या मांडणीतून आला. एक एक डाग उचलून शोधला तर मिळणार नाही. तसंच हिचं. एक एक वण भरत बसलो असतो तर मला गाल मिळाला असता, ही मिळाली नसती.

आता ती गेल्यावर मला हे रोज कळतं. तिचं नाक कसं होतं, असं ठरवून आठवायला बसलो की नाक येत नाही. हनुवटी येत नाही. वाटतं, विसरलो की काय. आणि मग परसात कोणी बाई वाकून भांडी घासताना कोपर हलवते, तेवढ्या कोपरावरून ती अख्खी येते, आवाजासकट, रागासकट. माझा डोळा उरलेली बाई भरून काढतो. मग ती शेजारीण मान वळवते. असो.

फोटो गेले. दोनेक महिन्यांनी बाप एकटाच परत आला. चेहरा पडलेला. फोटो दोन ठिकाणी पाठवला होता, दोन्हीकडून परत आला. एका घरून निरोप, मुलगी नजरेत भरते पण वण आहेत. दुसऱ्या घरून निरोपही नाही. बाप मालकापुढे फोटो ठेवून म्हणाला, "आता तिचं ऐकत नाही. साफ करा. तिले समजू बी देऊ नका. पाहुने घरात आल्यावर काय व्हईन ते व्हईन."

म्हणजे पुन्हा तेच होणार होतं. पुन्हा कोणीतरी तिच्या तोंडाशेजारी फोटो धरणार होता. आणि या वेळी ती बोलणार होती, म्हणाली तशी, आणि मग त्या घरात कोणी पाहुणा पाय ठेवला नसता.

मालकाने प्लेट काढून माझ्या मेजावर ठेवली. "कर. बहुत हो गयो थारो शास्त्र."

मी म्हटलं, "नाही करणार."

"क्यूं?"

मी बापाकडे वळलो. आम्ही एकाच समाजातले, हे त्याचं आडनाव ऐकलं तेव्हाच मला कळलं होतं. "भाऊ, हा फोटो आमच्या घरी पाठवा. माझी आई मुलगी शोधतेय. मला तुमची मुलगी पाहायला यायचं आहे."

बापाने फोटो उचलून उपरण्यात गुंडाळला. मालक मात्र हसून हसून खुर्चीत कलंडला. "फोटो पाहून पोरगी पसंत करणारे फार पाहिले. निगेटिव्ह पाहून करणारा तू पहिलाच! काळं तोंड आणि पांढरे केस पाहून भुलला रे हा!"

आईला घेऊन मी यावलकडे गेलो. आईची बोली आमच्याकडची, 'आहे'ला 'शे' आणि 'आहेत'ला 'शेत' म्हणणारी. वाटेत सगळी एसटी ऐकेल अशा आवाजात तिने मला सुनावलं. "पोर चांगली शे म्हनस ना तू? मग तोंडवर देवी शेत ते काय? तुन्हा डोया फुटनात का?" मी म्हटलं, "आई, तू आधी पाहा. मग बोल." ती म्हणाली, "मी पाहसू. मी बठ्ठं पाहसू."

घर केळीच्या बागेला लागूनच. ओट्यावर सतरंजी टाकलेली. पोरगी पाण्याचे पेले घेऊन आली, मला पाहिलं आणि थबकली. बापाने तिला सांगितलेलं नव्हतं कोण येणार आहे ते.

"तुम्ही फोटोवाले."

"हो."

"इथं बी पडदा बांधायचा का?"

बाप म्हणाला, "काय बोलतेस व!" माझ्या आईने पदर तोंडाला लावला. ती चिडली की हसली, मला कळेना.

पेले ठेवून पोरगी उभीच राहिली. बाप तिला आत जायची खूण करत होता. ती गेली नाही. मला म्हणाली, "एक विचारू? तुमच्या हाताले वण पुसायची सवय. दिवसभर भिंग लावून तेच पाहता. मले दया करून नेलं, आन् मग रोज ताटावर बसले की तेच मोजत ऱ्हायले, तर मी कुठं जाऊ? परत यायची सोय नाही."

मला आज वाटतं, एवढा सरळ प्रश्न मला पुढे कोणीच विचारला नाही. तिला नवरा हवा होता, पण त्यापेक्षा जास्त हवं होतं ते हे, की कोणीतरी तिच्याकडे पाहावं आणि त्याला तीच दिसावी. नाहीतर ती बापाच्या घरी राहायला तयार होती. ते तिच्या उभ्या राहण्यातच दिसत होतं.

मी काही बोलायच्या आत तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. पार झाकलं, कपाळापर्यंत. आणि आतून म्हणाली, "सांगा. कोनत्या गालावर जास्त आहेत?"

मी तिचा चेहरा उजेडात पाहिला होता, प्लेटवर पाहिला होता, फोटो छापताना थाळीतल्या पाण्यातून वर येताना पाहिला होता. माझा धंदाच तो. दुसऱ्या कोणाचीही प्लेट असती तर मी डाव्या गालाचे, उजव्या गालाचे, कपाळाचे, सगळे सांगितले असते. मी आठवायला गेलो. मला तिची नजर आठवली. राग आठवला. पातळाबद्दल बोलली तेव्हा एक भुवई वर गेली होती ती आठवली. गाल काही वेगळा होऊन येईना.

मी म्हटलं, "नाही सांगता येत."

"फोटोवाल्याले सांगता येत नाही?"

"नाही. तुम्ही दिसता. गाल दिसत नाही."

तिने हात काढले नाहीत. तेवढ्यात माझी आई खणखणीत आवाजात म्हणाली, "उजवा गालवर जास्त शेत. त्याले काय इचारस, मले इचार."

पोरीने हात काढले आणि हसली. तोंडभर. मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं. आईने तिला जवळ बोलावलं, हनुवटी धरून चेहरा इकडे तिकडे वळवला, बाजारात भांडं वाजवून घेतात तसा. मग हात सोडला आणि माझ्याकडे न पाहता, तिच्या डोळ्यांकडे पाहत म्हणाली, "डोया चांगला शेत पोरना."

आमच्याकडे मुलगी पसंत नसली तर पाहुणे तिच्या घरचं पाणी पितात, जेवत नाहीत. काहीतरी काम सांगून उन्हातान्हात निघून जातात, आणि घरचेही जेवा म्हणून फार आग्रह करत नाहीत. दोघांचीही लाज राहते. तो बाप आता तसाच घोटाळला होता. जेवणाचं विचारावं की नाही, त्याला समजेना. सारखं उपरणं झटकत होता. मीही माझ्या तोंडाने जेवतो म्हणू शकत नव्हतो. आणि आई मुद्दाम बोलत नव्हती, मुलाकडच्या बाईने एवढ्यात का बोलावं म्हणून.

पोरगी आत गेली. आतून तिचा आवाज आला, काकूला की वहिनीला, मला माहीत नव्हतं. केळीच्या बागेपर्यंत गेला असेल तो आवाज.

"चुलीवर वांगे भाजाले टाका व. भरीत करा, आन् भाकरी चांगल्या थापा. हे लोकं जेवून जातीन."